‘नाइट ऑफ द कॉमेट’ (१९८४) : सारे शहर धूळ झाल्यावर त्या दोघी रडत का नाहीत?

जुनापिंपळ

थॉम एबरहार्ट यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘नाइट ऑफ द कॉमेट’ हा १९८४ सालचा अमेरिकी चित्रपट गेल्या आठवड्यात जवळजवळ वीस वर्षांनी पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी जो प्रश्न मनात आला नव्हता, त्याने या वेळी दोन दिवस पिच्छा सोडला नाही, म्हणून हा धागा काढत आहे. चर्चेत शेवटापर्यंतचे कथानक येणार आहे. ज्यांना रसभंग नको असेल त्यांनी आधी चित्रपट पाहावा.

ज्यांनी पाहिलेला नाही, पण तरीही वाचायचे आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. नाताळ तोंडावर आलेला असताना एक धूमकेतू पृथ्वीजवळून जाणार असतो. तो पाहायला अख्खे लॉस एंजेलिस अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर मेजवान्या करत जमते. सकाळी उरतात ते फक्त रिकाम्या कपड्यांचे ढीग आणि त्यांत लालसर भुकटी. ज्यांच्यावर त्या प्रकाशाचा थोडाच परिणाम झाला, ते हळूहळू सुकत जाणारे हिंस्र जीव झाले आहेत. रेजिना ही अठरा वर्षांची मुलगी सिनेमागृहात कामाला असते आणि त्या रात्री पोलादी अस्तराच्या प्रक्षेपण खोलीत झोपलेली असते. तिची धाकटी बहीण सॅमँथा सावत्र आईशी मारामारी झाल्यामुळे परसातल्या पत्र्याच्या खोपटात जाऊन झोपलेली असते. म्हणून दोघी वाचतात.

हे सारे सुमारे ७ लाख डॉलरमध्ये केलेले आहे आणि अमेरिकेत चित्रपटाने १ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक कमावले. एबरहार्ट यांनी सांगितले आहे की, इतर चित्रीकरणांच्या निमित्ताने भेटलेल्या खऱ्याखुऱ्या किशोरवयीन मुलींना त्यांनी विचारले होते, जग असे संपले तर तुम्ही काय कराल? मुलींना त्यात मोठे साहस दिसले. आता मुलगे उरणार नाहीत, हे लक्षात आणून दिल्यावरच त्यांना त्यातली उणीव जाणवली. पटकथेचा सूर त्या उत्तरांतून आला.

माझा प्रश्न असा. आई-वडील, शाळा, शेजार, सगळे एका रात्रीत गेलेले असताना या मुली बंदुका चालवून पाहतात, दुकानांत शिरून नवे कपडे घालून बघतात, एकाच तरुणावरून एकमेकींवर रुसतात. शोक जवळजवळ नाहीच. ही लेखकाची उणीव आहे, की त्या वयाचे काही सत्य त्याला इतरांपेक्षा जास्त कळले आहे? मला दुसरे खरे वाटते, पण ते नीट मांडता येत नाही.

केतकीवन

धाग्याबद्दल मनापासून आभार. हा चित्रपट मी महाविद्यालयात असताना झिजलेल्या व्हिडिओ फितीवर पाहिला होता. बाकी बरेच विसरले आहे, पण सकाळच्या त्या लाल आकाशाखाली मोटारसायकलवरून एकटी जाणारी मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे.

सडेतोड

जुनापिंपळ, आपला प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आपण फारच उदारपणे दिले आहे असे मला वाटते. ही उणीवच आहे. सात लाखांत चित्रपट करायचा, तोही सुटीच्या दिवशी तरुण मुलामुलींनी तिकीट काढून पाहावा म्हणून, तर त्यात शोक परवडत नाही. कपड्यांच्या दुकानातला तो प्रसंग पाहा. त्या सुमारास गाजलेले एक गाणे दुसऱ्या गायिकेच्या आवाजात लावले आहे आणि मुली आरशासमोर नाचत आहेत. जग संपल्यावर माणसाला खरेदीच आठवते, हे सांगायचे असते तर त्यात टीकेची धार दिसली असती. इथे दिग्दर्शक स्वतःच त्या नाचात रमलेला आहे.

शिवाय वैज्ञानिक. वाळवंटातल्या भूमिगत तळावरचे जे लोक धोका ओळखून आधीच लपले, तेच खलपुरुष. अडाणी नशिबाने वाचतो आणि शहाणा दुष्ट निघतो, ही मांडणी मला अप्रामाणिक वाटते.

अवकाशवेडी

वैज्ञानिकांबद्दल मी नंतर भांडणार आहे, आधी धूमकेतूबद्दल सांगते, कारण त्याचा हिशेब मी काल रात्री कागदावर मांडून पाहिला आणि त्यातून फार सुंदर गोष्ट निघाली.

चित्रपटाच्या आरंभी निवेदक सुचवतो की हा धूमकेतू याआधी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोर नाहीसे झाले तेव्हा, येऊन गेला होता. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार परिभ्रमणकाळाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. काळ ६.५ कोटी वर्षे धरला, तर सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १ लाख ६० हजार पट येते आणि कक्षेचे दूरचे टोक त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाच प्रकाशवर्षांच्या आसपास. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा आहे सव्वाचार प्रकाशवर्षांवर. थोडक्यात, हा धूमकेतू शेजाऱ्याच्या अंगणापलीकडे जाऊन परत येतो! इतक्या लांब गेलेल्या वस्तूला सूर्य बांधून ठेवू शकत नाही. जवळून जाणारा एखादा तारा तिला सहज ओढून नेईल.

डायनासोरांचा उल्लेख मात्र त्या काळाला धरून आहे. लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह इरिडियम या दुर्मीळ धातूच्या थरावरून अवकाशातल्या वस्तूच्या आघाताचा सिद्धान्त मांडला तो १९८० मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या अवघी चार वर्षे आधी. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरचे चिक्शुलूब विवर हेच त्या आघाताचे स्थान, हे पटायला १९९० चे दशक उजाडले. त्याच काळात आपल्या दख्खनमध्ये लाव्हाचे थर साचत होते. ज्या काळ्या दगडावर निम्म्याहून अधिक महाराष्ट्र उभा आहे, त्याचाही त्या विनाशात वाटा किती, यावर संशोधकांचा वाद चालू आहे.

आणि भीतीचे म्हणाल तर, १९१० च्या मे महिन्यात पृथ्वी हॅली या धूमकेतूच्या शेपटीतून जाणार म्हणून युरोप-अमेरिकेत लोकांनी त्यावर उतारा म्हणून औषधी गोळ्या विकत घेतल्या होत्या. शेपटी इतकी विरळ असते की काहीच झाले नाही. माझी पणजी शेंडेनक्षत्र दिसले की दिवा लावून ठेवायची. पटकथेतल्या माणसांपेक्षा तिने जास्त सावधपणा दाखवला, असे म्हणायला हरकत नाही.

उच्चदाब

मी वीजनिर्मितीत अठ्ठावीस वर्षे काढली आहेत, म्हणून एक शंका. माणूस उरला नसताना दिवे, रेडिओ केंद्र, खेळाची यंत्रे सगळे चालू कसे? मागणी आणि पुरवठा यांचा तोल क्षणोक्षणी राखावा लागतो. नियंत्रण कक्षात कोणी नसेल, तर काही तासांत एकामागोमाग संच बंद पडत जातात. जलविद्युत संच त्यातल्या त्यात टिकतील आणि लॉस एंजेलिसला हूव्हर धरणाची वीज मिळते हे खरे, पण सगळे शहर उजळलेले राहणार नाही.

जुनापिंपळ

उच्चदाब, मान्य. पण रेडिओ केंद्राचा प्रसंग त्याच सवलतीवर उभा आहे, म्हणून मी ती आनंदाने देतो. निवेदकाचा आवाज ऐकून दोघी धावत जातात आणि तिथे फक्त आपोआप फिरणारी ध्वनिफीत असते. आवाज आहे, माणूस नाही. तिथेच त्यांना हेक्टर भेटतो, जो रात्री आपल्या मालमोटारीत झोपल्यामुळे वाचलेला असतो.

ऑपरेटरकाका

मी फारसा लिहीत नाही, पण प्रक्षेपण खोलीचा विषय निघाल्यावर राहवले नाही. सोलापूरकडच्या एका एकपडदा चित्रगृहात मी १९७८ पासून एकतीस वर्षे ऑपरेटर होतो. आमच्याकडे त्या खोलीला केबिन म्हणत.

पोलादी अस्तराची खोली ही लेखकाने सोयीसाठी काढलेली पळवाट आहे, असे बऱ्याच जणांना वाटेल. तसे नाही. जुन्या काळी फिल्म नायट्रेटची असे. ती पेटली की विझत नसे, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःच्या रसायनातच असतो. पाण्यात बुडवली तरी ती जळत राहते. म्हणून जगभर केबिन अग्निरोधक बांधण्याचे नियम झाले. जाड भिंती, लोखंडी दार आणि प्रेक्षागृहाकडच्या झरोक्यांवर पडणाऱ्या धातूच्या झडपा. आग लागलीच तर ती आत राहावी आणि बाहेरचे प्रेक्षक वाचावेत, हा हेतू. कोडॅकने १९५१ मध्ये नायट्रेट फिल्म बनवणे थांबवले, पण खोल्या तशाच राहिल्या. बाहेरच्यांना आतल्या आगीपासून वाचवायला बांधलेली खोली या चित्रपटात आतल्या मुलीला बाहेरच्या आकाशापासून वाचवते. ज्याने हे लिहिले त्याला केबिन माहीत होती.

दुसरी गोष्ट. रेजिनाचा मित्र लॅरी फिल्मच्या प्रती गुपचूप भाड्याने देण्याचा जोडधंदा करत असतो आणि त्या पायीच सकाळी बाहेर पडून मारला जातो. प्रतींची ये-जा हा आमच्या जगण्याचा भाग होता. एकच प्रत दोन चित्रगृहांत चालायची. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. त्या हिशेबाने पोरगा सायकलवर पेटी घेऊन धावायचा. तो वाटेत पडला की इकडे मध्यंतर लांबायचे आणि प्रेक्षक खुर्च्या बडवायचे. त्यामुळे लॅरी पेटीसाठी बाहेर पडला तेव्हा तो मला मूर्ख वाटला नाही. वेळेवर रीळ आले नाही तर काय होते, हे भय आमच्या हाडात असते.

केतकीवन

काका, कृपया अधिक लिहीत जा.

प्रशांतकिनारा

मी गेली सोळा वर्षे लॉस एंजेलिसमध्ये राहतो. चित्रपटातले सिनेमागृह म्हणजे विल्शायर मार्गावरचे एल रे. ते १९३६ चे, आर्ट डेको शैलीतले आहे आणि आता तिथे संगीताचे कार्यक्रम होतात. मुंबईत इरॉस आणि रीगल पाहत वाढलेल्या माणसाला त्याच्या दर्शनी भागाकडे पाहून घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते.

या शहराचे मध्यवर्ती रस्ते रिकामे दाखवणे किती अवघड आहे, ते इथल्या रहदारीत अडकलेल्यालाच कळेल. त्यांनी पहाटे, वाहने सुरू होण्याआधी, चित्रीकरण उरकले आणि आकाश लाल दिसावे म्हणून कॅमेऱ्यावर रंगीत गाळणी (फिल्टर) वापरली. त्यात भर रिकाम्या कपड्यांची आणि मूठमूठ रंगीत भुकटीची. अर्धमेली माणसे तर चित्रपटभर मोजकीच आहेत. भीती निर्माण करायला खर्च लागतो, हा समज इथे खोटा ठरतो. एखाद्या बागेत पाण्याचे फवारे आपोआप चालू होतात, त्यांच्याखाली कोणी नसते आणि तेवढ्याने पोटात गोळा येतो.

सडेतोड, दुकानातल्या प्रसंगाविषयी एक सांगतो. १९८४ च्या अमेरिकेत, विशेषतः या भागात, बंदिस्त बाजारपेठ (मॉल) हा किशोरवयीन मुलांचा गावचा पार होता. पैसे असोत वा नसोत, मुले तिथेच भेटत. त्यामुळे त्या दोघी खरेदीला जात नाहीत. जिथे नेहमी सगळे भेटतात तिथे जातात. आणि तिथेही कोणी नसते. जे असतात ते गोदामातले नोकर, आणि तेही आता माणसे राहिलेले नाहीत.

सडेतोड

पाराची उपमा मला पटली. पण ती तुमची आहे, चित्रपटाची नव्हे.

नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून दोन मुद्दे मांडते.

पहिला भुकटीचा. प्रौढ माणसाच्या शरीरात जवळपास साठ टक्के पाणी असते आणि कॅल्शियम साधारण एक किलो, त्यातले नव्व्याण्णव टक्के हाडांत आणि दातांत. सगळे पाणी उडून गेले आणि मागे खनिजे उरली, अशी कल्पना केली तरी ती पूड पांढुरकी दिसायला हवी, लाल नव्हे. शरीरातले सगळे लोह मिळून चार ग्रॅमच्या आसपास असते, त्याने एवढा रंग येणार नाही. पडद्यावर मात्र पांढरी पूड पिठासारखी दिसली असती, त्यामुळे लाल निवडणारा माणूस आपल्या कामात शहाणा होता.

दुसरा वैज्ञानिकांचा. सडेतोड यांनी त्यांना खलपुरुष म्हटले आहे, पण त्यांची अवस्था नीट पाहावी. धोका त्यांनी ओळखला होता, तळ बांधला होता, आणि ऐन वेळी हवा खेळवणारी यंत्रणा उघडी राहिली. त्यामुळे तेही हळूहळू सुकत आहेत आणि उपाय सापडेपर्यंत जगण्यासाठी निरोगी लोकांना बेशुद्ध ठेवून त्यांचे रक्त वापरत आहेत. म्हणजे हे अज्ञानाचे नव्हे, तर ज्ञान असूनही मरणाच्या भीतीने विवेक सुटल्याचे चित्र आहे. आणि त्याच गटातली ऑड्री व्हाइट, जी मेरी वोरोनोव्ह यांनी फार संयमाने साकारली आहे, काय करते? अंगावर पुरळ दिसल्यामुळे सॅमँथाला बाधित ठरवून संपवण्याचे काम ती मागून घेते, आणि प्रत्यक्षात तिला फक्त झोपेचे इंजेक्शन देते. आपल्या सहकाऱ्याला मारते, हेक्टरला सगळे खरे सांगते आणि शेवटची सुई स्वतःला टोचून घेते. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कोणालाही तो प्रसंग हलकाफुलका वाटणार नाही.

अवकाशवेडी

अगदी हेच मला म्हणायचे होते. मी एवढीच भर घालते की आपल्याकडे जयंत नारळीकरांनी धूमकेतूवर कथा लिहिली, तेव्हा संकट टाळणारे वैज्ञानिकच होते आणि त्यांच्यासमोर उभी होती ती अंधश्रद्धा. त्या कथेवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा चित्रपट वैज्ञानिकांविरुद्ध वाटणे स्वाभाविक आहे. पण तो शीतयुद्धातल्या अमेरिकेत घडतो. भूमिगत तळ, सर्वांच्या आधी लपणारे निवडक लोक, मध्य अमेरिकेतल्या मोहिमेवर गेलेला मुलींचा सैनिक बाप, हे सगळे त्या दशकातले संशय आहेत. धूमकेतूच्या जागी अणुबाँब घातला तर कथेतली एकही गोष्ट बदलावी लागत नाही.

रानमेवा

बापाने दोघींना शस्त्रे चालवायला शिकवलेली असतात. बंदूक मध्येच अडकते तेव्हा धाकटी म्हणते की बाबांनी आपल्याला याहून चांगली आणून दिली असती. सगळे हसतात तिथे. मी तो प्रसंग तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा मला ते तिचे बापाला हाक मारणे वाटले.

जुनापिंपळ

रानमेवा, मला मांडता येत नव्हते ते हेच. कृपया कोणी पुढे न्यावे.

मृदुला७२

मी या चित्रपटाची जाणकार नाही. हा धागा वाचून कालच पाहिला आणि रात्री झोप लागली नाही. माझ्या घरातली गोष्ट सांगते, ती विषयाला सोडून वाटली तर क्षमस्व.

मार्च २०२० मध्ये माझी मुलगी दहावीला होती. भूगोलाचा पेपर राहिला होता. तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला, तेव्हा तिने घरभर नाच केला. बाहेर रस्ते ओस, बातम्यांत आकडे वाढत चाललेले, मी आणि तिचे बाबा काळजीने काळवंडलेले, आणि ही खिडकीत बसून मैत्रिणींना सांगत होती की अख्खा चौक माझा एकटीचा आहे. मी तिला रागावले होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये माझे वडील गेले. रुग्णालयाने चेहराही लांबूनच दाखवला. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नखांना रंग लावला. त्या वेळी माझ्या मनात तिच्याविषयी जे आले ते इथे लिहवत नाही.

ती आणि तिचे आजोबा मोबाइलवर शब्दांचा एक खेळ खेळायचे. जवळजवळ सहा महिन्यांनी एका संध्याकाळी ती खेळ उघडून बसली होती आणि एकदम हुंदके देऊ लागली. गुणांच्या यादीत आजोबांचे नाव अजूनही तिसऱ्या क्रमांकावर होते आणि तिने नुकतेच त्यांना मागे टाकले होते.

या चित्रपटाच्या सुरुवातीला रेजिना सिनेमागृहातल्या यंत्रावर खेळत असते. यादीतले सगळे उच्चांक तिचे, फक्त सहाव्या जागी कोणा परक्याची तीन आद्याक्षरे, आणि ती त्यावर चिडते. काल तो प्रसंग पाहताना मी यंत्राच्या पडद्याकडे पाहत नव्हते. मला वाटत होते, दुसऱ्या दिवशी या शहरात उरलेल्या सगळ्या यादींतली सगळी नावे मेलेल्यांची असणार आहेत.

सडेतोड, त्या मुली शोक करत नाहीत असे तुम्ही म्हणता. करतात. फक्त तो मोठ्यांना ओळखू येईल अशा ठिकाणी करत नाहीत.

केतकीवन

मृदुला, निःशब्द.

ऑपरेटरकाका

मृदुलाताई, लिहिलेत ते फार बरे केलेत. लेकीला आशीर्वाद.

सडेतोड

मृदुलाताई, आपल्या दुःखाविषयी मनापासून सहवेदना. मुलीविषयी आपण लिहिले त्यावर मी वाद घालणार नाही आणि माझे ‘ही उणीवच आहे’ हे वाक्य मी मागे घेतो.

एक हरकत तरीही राहते, आणि ती मी आदराने नोंदवतो. तुमच्या मुलीला सहा महिने मिळाले. चित्रपट आपल्या मुलींना तेवढा अवकाश देत नाही. शेवटी पाऊस पडतो, रस्ते धुऊन निघतात, सगळे नव्या कपड्यांत हसत उभे असतात. तो पाऊस मला घाईचा वाटतो. सत्तर-ऐंशी मिनिटे साठत आलेले दुःख एका सरीत वाहून नेण्याची सोय.

गोदातीर

आतापर्यंत नुसते वाचत होतो, पण पावसाचा उल्लेख आल्यावर लिहायलाच हवे, कारण माझ्या मते जुनापिंपळ यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्या पावसातच आहे.

आमचे घर नाशिकला, रामकुंडापासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणापासून मी लोकांना मडकी घेऊन येताना पाहत आलो आहे. दहनानंतर अस्थी गोळा होतात, नदीत सोडल्या जातात, दहावा होतो, सुतक फिटते. आपले रडणे या दिवसांच्या चौकटीत बसवलेले असते आणि बहुतेक समाजांत त्याची काही ना काही चौकट असतेच. लॉस एंजेलिसमध्ये शवपेटी असेल, प्रार्थना असेल, काळे कपडे असतील. रेजिना आणि सॅमँथा यांच्याकडे यातले काही नाही. प्रेत नाही, पुरणारे कोणी नाही, सांत्वनाला येणारे कोणी नाही. कोणती भुकटी कोणाची हेही नक्की नाही. सगळ्या शहराच्या अस्थी रस्त्यावर पडलेल्या आहेत आणि त्या गोळा करायला उरल्या आहेत दोन मुली. अशा वेळी रडायला सुरुवात केली तर थांबायचे कधी, हे सांगणारा कोणी वडीलधारा नाही. म्हणून त्या सुरुवातच करत नाहीत.

आता शेवटचा पाऊस पाहा. सडेतोड यांना तो घाईचा वाटला. मला ते विसर्जन वाटले. जे माणसांना करता येणे शक्य नव्हते ते आभाळाने केले. ज्या आभाळाने मारले त्यानेच. दिग्दर्शकाच्या मनात हे शब्द नसणार हे उघड आहे, पण लाल आकाश निवळल्याशिवाय आणि रस्त्यावरची भुकटी गेल्याशिवाय पुढचे दृश्य घेता येणार नाही, एवढे त्याला नक्की कळत होते. आणि त्या पुढच्या दृश्यात काय आहे? रेजिना, हेक्टर आणि तळावरून सोडवून आणलेली दोन लहान मुले नीटनेटके कपडे घालून कुटुंबासारखी उभी आहेत. रस्त्यावर एकही वाहन नसताना रेजिना मुलांना पादचाऱ्यांच्या दिव्यासाठी थांबायला लावते. संस्कृतीचा सगळा भार आता आपल्यावर आहे, असे ती म्हणते. सॅमँथाला ते वेडेपणाचे वाटते आणि ती तशीच रस्ता ओलांडू लागते. मोठी बहीण सुतक संपवून घरकामाला लागली आहे, धाकटीचे अजून फिटलेले नाही. दोघींना एकाच दिवशी बरे केले नाही, ही मला त्या पटकथेची सर्वांत खरी गोष्ट वाटते.

प्रशांतकिनारा

गोदातीर, रस्ता ओलांडणाऱ्या सॅमँथाला ज्या मोटारीचा धक्का लागता लागता राहतो, ती चालवणाऱ्या तरुणाच्या गाडीच्या पाटीवर काय असते ते आठवते का? तीच तीन आद्याक्षरे, जी खेळाच्या यादीत सहाव्या जागी होती.

मृदुला७२

हो. मी तिथे रिमोट खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, “अरे, हा जिवंत आहे!” मुलगी आतल्या खोलीतून विचारू लागली, कोण जिवंत आहे म्हणून.

सडेतोड

विसर्जनाचे मत मला अजून पूर्ण पटलेले नाही, मात्र चित्रपट पुन्हा पाहीन. पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती आद्याक्षरे माझ्या लक्षातच आली नव्हती.

उच्चदाब

पादचाऱ्यांच्या दिव्याला वीज कुठून आली, हे मी आता विचारणार नाही.

जुनापिंपळ

गोदातीर, मृदुलाताई, रानमेवा, तुम्ही तिघांनी मिळून माझा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला विचारलात. शनिवारी रात्री तो पुन्हा लावणार आहे. माझी पुतणी सोळा वर्षांची आहे, तिला सोबत बसवतो. कपड्यांच्या दुकानात ती हसली तर या वेळी मी तिच्याकडे वळून पाहणार नाही.